दहावीनंतर वाणिज्य आणि संगणक: अकरावी-बारावीची दोन वर्षे कशी आखावीत

दहावीचा निकाल लागल्यावर ज्या घरांत वाणिज्य शाखा घेण्याचे ठरते, तिथे लगोलग संगणकाच्या क्लासची चौकशी सुरू होते. एमएस-सीआयटी हा संगणकाचा प्राथमिक अभ्यासक्रम आधी करावा की टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकावे, टायपिंग मराठीचे लावावे की इंग्रजीचे, आणि हे सगळे एकाच सुट्टीत उरकता येईल का, असे प्रश्न पालक विचारतात आणि क्लासवालेही त्यांना सोयीची उत्तरे देतात. माझे म्हणणे असे आहे, की आधी महाविद्यालयातील विषय नीट निवडावेत, मग हाताला कामाची सवय लावावी, आणि प्रमाणपत्र त्यानंतर घ्यावे. हिशेब कळलेल्या मुलाला कोणतेही सॉफ्टवेअर काही आठवड्यांत शिकता येते, पण केवळ सॉफ्टवेअरची बटणे पाठ केलेल्या मुलाला एखादी नोंद चुकली तर ती कुठे चुकली हे सापडत नाही.

विषयांची निवड

राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेत पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र आणि वाणिज्य संघटन व व्यवस्थापन हे विषय बहुतेक सगळीकडे असतात. चिटणिसाची कार्यपद्धती आणि गणित व संख्याशास्त्र यांपैकी एकाची निवड करावी लागेल अशी मांडणी अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत असते, आणि इथे घाईने निर्णय घेऊ नये. चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय कंपनीचे भाग (शेअर), कर्जरोखे, सभा आणि पत्रव्यवहार समजून घेण्यासाठी चांगला आहे, आणि कार्यालयीन कामाकडे वळणाऱ्याला तो उपयोगी पडतो. परंतु पुढे सनदी लेखापाल, माहितीचे विश्लेषण किंवा संगणकाचे पदवी शिक्षण यांपैकी कशाचाही विचार मनात असेल, तर गणित सोडू नये. सीएच्या फाउंडेशन या पहिल्या परीक्षेच्या चार प्रश्नपत्रिकांपैकी एक संपूर्णपणे गणित, तर्क आणि संख्याशास्त्रावर आहे, आणि मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटी अभ्यासक्रमासाठी बारावीला गणित असणे ही अट राहिलेली आहे. गणित सोडणे सोपे असते, पण बारावीनंतर ते परत मिळवणे अवघड जाते.

माहिती तंत्रज्ञान म्हणजे आयटी हा विषय ज्या महाविद्यालयात उपलब्ध असेल, तिथे तो जरूर घ्यावा. त्याची बारावीची लेखी परीक्षा कागदावर होत नाही, तर संगणकावरच ८० गुणांची होते आणि उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाला असतात. वेबपृष्ठे तयार करणे, त्यांना जावास्क्रिप्टची जोड देणे आणि संगणकावर हिशेब ठेवणे अशा गोष्टी यात येतात, त्यामुळे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला दोन्ही बाजू एकाच विषयात हाताळायला मिळतात. प्रवेशापूर्वी मात्र महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: आयटी कोणत्या विषयाच्या जागी घेता येतो, प्रयोगशाळेत एका संगणकावर किती मुले बसतात, आणि आठवड्यातून किती प्रात्यक्षिके प्रत्यक्षात होतात. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत, त्यामुळे ही चौकशी पसंतीक्रम भरण्याआधीच करावी लागते.

सीबीएसईच्या विद्यार्थ्यांसाठी अकाउंटन्सी, बिझनेस स्टडीज आणि अर्थशास्त्र यांच्या जोडीला इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस हा विषय आहे. त्यात पायथन या संगणकीय भाषेतील पांडाज हे तक्ते हाताळण्याचे साधन आणि मायएसक्यूएल ही माहितीसाठा हाताळण्याची प्रणाली शिकवली जाते, आणि त्याची विभागणी ७० गुण लेखी व ३० गुण प्रात्यक्षिक अशी आहे. वाणिज्याच्या मुलाने या विषयाला घाबरू नये. विक्रीच्या नोंदींचा तक्ता घेऊन त्यातून महिन्याची बेरीज काढणे हेच त्यातले मुख्य काम आहे आणि ते त्याच्या इतर विषयांशी थेट जुळते.

ज्यांना लवकर कमावणे भाग आहे त्यांच्यासाठी दहावीनंतर आयटीआयमधील कोपा हा एक वर्षाचा संगणक चालकाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. आपल्या तालुक्यातील आयटीआयमध्ये त्याच्या जागा आहेत का, हे तिथेच विचारावे.

टंकलेखन सर्वांत आधी

दहावी आणि अकरावी यांच्यामधल्या सुट्टीत एकच गोष्ट करायची असेल तर ती टंकलेखनाची करावी, असे मी आग्रहाने सांगेन. दोन बोटांनी कळा शोधत बसणाऱ्या मुलाचे निम्मे लक्ष कळफलकावर असते, आणि मग हिशेबाकडे द्यायला लक्ष उरत नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शासकीय संगणक टंकलेखन प्रमाणपत्र परीक्षा मराठी, हिंदी आणि इंग्रजी या भाषांत मिनिटाला ३० आणि ४० शब्द अशा वेगांसाठी होते आणि तिचे अर्ज मान्यताप्राप्त टंकलेखन संस्थांमार्फत भरले जातात. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत किमान ३० किंवा इंग्रजीत किमान ४० शब्दांचा वेग लागतो. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागल्यावर तिशीकडे झुकलेले उमेदवार हे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी धावपळ करताना दिसतात, आणि तेच काम सोळाव्या वर्षी निवांतपणे होऊ शकते.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा भारत सरकारने प्रमाणित केलेला कळफलक शिकावा, कारण तो विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीपासूनच असतो आणि त्यातून थेट युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणारा, मजकूर मिळतो. त्याची रचना समजली की तो लवकर बसतो. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताखाली आहेत, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली. ‘विक्री’ हा शब्द घ्यावा. इंग्रजी कळफलकावरील बी या कळीवर व, एफवर ऱ्हस्व वेलांटी, केवर क, डीवर पाय मोडण्याचे चिन्ह, जेवर र आणि आरवर दीर्घ वेलांटी आहे, म्हणजे सहा कळांत शब्द पूर्ण होतो. उच्चारात वेलांटी आणि व्यंजन ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने त्या दाबायच्या असतात. ‘खरेदी’ लिहिताना शिफ्टसह के दाबली की ख मिळतो, म्हणजे क आणि ख एकाच कळीवर आहेत, आणि ग-घ, त-थ, द-ध, प-फ यांचेही तसेच आहे. रोज अर्धा तास, कळफलकाकडे न पाहता, आधी मधली ओळ, मग वरची आणि शेवटी खालची ओळ असा सराव ठेवावा. वेग मोजण्याची घाई पहिल्या महिन्यात करू नये. चुका कमी झाल्या की वेग आपोआप येतो, आणि चुकीच्या बोटाची सवय एकदा लागली की ती मोडायला फार वेळ जातो.

तक्त्याचे काम

टंकलेखन हाताला बसू लागले की स्प्रेडशीटकडे, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांच्या सॉफ्टवेअरकडे, वळावे. एक्सेल उपलब्ध नसेल तर लिबरऑफिस कॅल्क विनामूल्य मिळते आणि शिकण्यासाठी ते पूर्ण पुरेसे आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिसचे छोटे धडे मराठी निवेदनासह विनामूल्य आहेत. प्रत्येक धडा थांबवत थांबवत स्वतः करून पाहायचा, हीच त्यांची पद्धत आहे.

पहिला सराव म्हणून एका दुकानाची महिन्याची विक्री घ्यावी. तारीख, बिल क्रमांक, ग्राहक, वस्तू, नग, दर, करपूर्व रक्कम, कर आणि एकूण असे स्तंभ करावेत, आणि नग व दर सोडून कोणताही आकडा हाताने लिहू नये. बाकी सर्व सूत्राने यावे. गणकयंत्रावर बेरीज करून ती तक्त्यात भरण्याची सवय मी अनेक मुलांत पाहिली आहे, आणि तिथेच तक्त्याचा उद्देश संपतो, कारण एक दर बदलला की खालचे सगळे आकडे खोटे ठरतात. कराचा दर एका वेगळ्या चौकटीत ठेवून प्रत्येक सूत्रातून तिचाच संदर्भ घ्यावा आणि सूत्र खाली ओढताना तो संदर्भ सरकू नये म्हणून डॉलरचे चिन्ह वापरावे. तारखांबाबतही सावध राहावे, कारण संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर ५/७ ही तारीख ५ जुलै न राहता ७ मे होते आणि पूर्ण महिन्याची वर्गवारी बिघडते. बेरीज, इफ (अट), सम-इफ (अटीनुसार बेरीज), व्ही-लुकअप (दुसऱ्या तक्त्यातून शोध) आणि पिव्होट टेबल (गोषवारा) एवढ्या गोष्टी पक्क्या झाल्या तर बारावीपर्यंत तक्त्याची बाजू भक्कम झाली असे समजावे.

हाताने हिशेब, मग टॅली

अकरावीच्या पुस्तपालनात रोजकीर्द (व्यवहारांची तारीखवार नोंद), खतावणी (त्यांची खात्यांनुसार मांडणी) आणि तेरीज पत्रक (सर्व खात्यांच्या शिलकांचा ताळा) शिकून होईपर्यंत टॅलीचा क्लास लावू नये. टॅलीत नोंद करताना खतावणी आणि तेरीज आपोआप तयार होतात, आणि ज्याने त्या कधी हाताने केल्या नाहीत त्याला पडद्यावर काय घडले ते कळत नाही. एक उदाहरण हाताने सोडवून पाहावे.

नाशिकमधील एका विजेच्या वस्तूंच्या दुकानदाराने पुण्याच्या व्यापाऱ्याकडून प्रत्येकी १,५०० रुपयांचे १० पंखे उधारीवर घेतले. किंमत १५,००० रुपये झाली. पंख्यावर १८ टक्के जीएसटी आहे आणि व्यवहार राज्यातल्या राज्यात असल्यामुळे त्याचे दोन समान भाग होतात, म्हणजे केंद्राचा १,३५० आणि राज्याचा १,३५० रुपये. बिल १७,७०० रुपयांचे झाले. नोंद करताना खरेदी खाते १५,००० रुपयांनी नावे होते, केंद्रीय आणि राज्य कराची दोन खाती प्रत्येकी १,३५० रुपयांनी नावे होतात, आणि व्यापाऱ्याचे खाते १७,७०० रुपयांनी जमा होते. पुढे त्याने हे सर्व पंखे प्रत्येकी २,००० रुपयांना विकले, म्हणजे २०,००० रुपये किंमत आणि ३,६०० रुपये कर मिळून ग्राहकांकडून २३,६०० रुपये आले. खरेदीवर भरलेला २,७०० रुपये कर यातून वजा करून त्याला सरकारला ९०० रुपये द्यायचे आहेत, आणि पंख्यांवरचा ढोबळ नफा ५,००० रुपये आहे.

आता नवशिक्या विद्यार्थ्याची नेहमीची चूक पाहावी. तो संपूर्ण बिलाची रक्कम खरेदीत आणि संपूर्ण आलेली रक्कम विक्रीत धरतो. त्याच्या वहीत खरेदी १७,७००, विक्री २३,६०० आणि नफा ५,९०० रुपये दिसतो. तेरीज तरीही जुळते, कारण दोन्ही बाजू सारख्याच फुगलेल्या असतात. वाढीव ९०० रुपये नफा नसून सरकारचे देणे आहे, हे त्याला तेरीज सांगणार नाही आणि टॅलीही सांगणार नाही. हे उदाहरण ज्याने कागदावर दोन्ही प्रकारे मांडून पाहिले, त्याला जीएसटीची मूळ कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

याच उदाहरणात पंखे सुरतहून आले असते तर २,७०० रुपयांचा एकच आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधील व्यवहाराचा एकत्रित कर, लागला असता. हे बिलावरूनच ओळखायला शिकावे. जीएसटी क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो, त्यातील पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढील दहा चिन्हे पॅनची असतात. महाराष्ट्राचा अंक २७, गुजरातचा २४ आणि गोव्याचा ३० आहे. घरात येणारी चार-पाच बिले घेऊन हे दोन अंक पाहिले आणि कराची विभागणी तपासली, तर पुस्तकातला धडा प्रत्यक्षात उतरतो. दर मात्र पाठ करत बसू नयेत. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या करात अनेक बदल झाले आहेत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ व २८ टक्क्यांचे टप्पे काढून बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आणल्या गेल्या, त्यामुळे जुन्या पुस्तकांतील उदाहरणे दराच्या बाबतीत शिळी झाली आहेत, पण त्यांची रीत बदललेली नाही.

एवढे झाल्यावर टॅली प्राइम संगणकावर घ्यावे. त्याची शैक्षणिक आवृत्ती परवान्याशिवाय चालते. तिच्यात ठरावीक तारखांनाच, म्हणजे महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच नोंदी करता येतात, पण सरावाला ते पुरते. एफ ४ पासून एफ ९ पर्यंतच्या कळा अनुक्रमे काँट्रा, पेमेंट, रिसीट, जर्नल, सेल्स आणि पर्चेस या व्हाउचरसाठी आहेत, आणि त्या आठ-दहा दिवसांत हाताला बसतात. खरी काळजी लेजर म्हणजे खाते तयार करताना घ्यावी. प्रत्येक लेजर कोणत्या ग्रुपखाली जाते यावर नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद अवलंबून असतात. वरच्या उदाहरणात पुण्याचा व्यापारी सन्ड्री क्रेडिटर्सखाली, खरेदी पर्चेस अकाउंट्सखाली आणि कराची लेजरे ड्यूटीज अँड टॅक्सेसखाली गेली पाहिजेत. कराचे लेजर चुकून खर्चाच्या ग्रुपखाली गेले, तर नोंद बिनतक्रार स्वीकारली जाते आणि नफा मात्र खाली येतो. म्हणून कागदावर सोडवलेले उदाहरणच टॅलीत भरावे आणि दोन्ही तेरजा शेजारी ठेवून प्रत्येक आकडा जुळवावा.

मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलांनी एक वही वेगळी ठेवावी आणि त्यात पुस्तकातील व पडद्यावरील संज्ञा जोडीने लिहाव्यात: रोजकीर्द आणि जर्नल, तेरीज पत्रक आणि ट्रायल बॅलन्स, घसारा आणि डेप्रिसिएशन, धनको आणि क्रेडिटर, ऋणको आणि डेटर. यांची संख्या शंभराच्या आत राहते, आणि ही वही असेल तर इंग्रजी पडद्याची भीती टिकत नाही.

प्रमाणपत्रे आणि क्लास

एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल आपल्या अधिकृत केंद्रांमार्फत चालवते. राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी संगणक अर्हता लागते आणि ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयानुसार एमएस-सीआयटीबरोबरच केंद्राच्या नायलिट संस्थेचे सीसीसी, ओ लेव्हल इत्यादी अभ्यासक्रमही त्यासाठी चालतात. सीसीसी ८० तासांचा आहे आणि त्याची परीक्षा १०० वस्तुनिष्ठ प्रश्नांची, ९० मिनिटांची असते. या दोहोंपैकी एक पुरेसा आहे. अकरावीच्या दिवाळीनंतर किंवा उन्हाळी सुट्टीत तो सावकाश करावा.

खासगी संस्थांच्या लांबलचक नावांच्या पदविकांबाबत मात्र मी पालकांना स्पष्टपणे सावध करीन. सहा महिन्यांत वीस सॉफ्टवेअर शिकवण्याचे आश्वासन देणाऱ्या ठिकाणी प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडे तास येतात. पैसे भरण्यापूर्वी प्रमाणपत्रावर कोणत्या संस्थेचे नाव असते आणि ते कुठे ग्राह्य धरले जाते हे लेखी विचारावे, एक तास वर्गात बसू द्यावे अशी विनंती करावी, आणि मागील तुकडीतील एखाद्या विद्यार्थ्याने केलेला संपूर्ण हिशेब पाहायला मागावा. शेवटची मागणी ऐकून जिथे टाळाटाळ होते तिथे प्रवेश घेऊ नये. संपूर्ण शुल्क एकरकमी भरण्याऐवजी हप्ते मागावेत.

खऱ्या व्यवहारांवर सराव

बारावीत जाण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने एका खऱ्या व्यवसायाचा एक महिन्याचा हिशेब ठेवून पाहावा. घरचे दुकान, काकांची पिठाची गिरणी, शेजारच्या काकूंचा मसाल्यांचा गृहउद्योग किंवा बचत गट, काहीही चालेल. मोठ्यांची परवानगी घ्यावी, आकडे बाहेर बोलू नयेत, आणि मूळ बिले जागेवरून हलवू नयेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत. पुस्तकातील उदाहरणात प्रत्येक आकडा दिलेला असतो, तर खऱ्या दुकानात एखादे बिल हरवलेले असते, मालकाने गल्ल्यातून भाजीसाठी दोनशे रुपये नेलेले असतात आणि यूपीआयने आलेले पैसे कोणत्या गिऱ्हाइकाचे हे आठवत नसते. गल्ल्यातून घरखर्चाला नेलेले पैसे उचल खात्यात जातात, दुकानाच्या खर्चात नाही, हा नियम असा प्रसंग हाताळल्यावर कायमचा लक्षात राहतो. महिना संपल्यावर गल्ल्यातील रोकड आणि रोख खात्याची शिल्लक, तसेच बँकेचे पासबुक आणि बँक खात्याची शिल्लक जुळवावी. बँक जुळवणी पत्रकाची गरज कुठे पडते ते तेव्हा कळते.

घरी संगणक नसेल तर टंकलेखन आणि टॅलीसाठी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील मोकळे तास प्राचार्यांकडे अर्ज करून मागावेत. कागदावरचा हिशेब आणि व्हिडिओ धडे घरी होऊ शकतात. मोबाइलवर स्प्रेडशीट पाहता येते, पण सूत्रे लिहिण्याचा सराव त्यावर होत नाही, त्यामुळे आठवड्यातून चार तास का होईना, खऱ्या कळफलकासमोर बसण्याची सोय करावीच.

सीएकडे जायचे असेल त्यांनी लक्षात ठेवावे, की फाउंडेशनसाठी दहावीनंतर तात्पुरती नोंदणी करता येते आणि परीक्षा मात्र बारावी झाल्यावरच देता येते. बारावीचे वर्ष क्लासमध्ये वाटू नये. त्या वर्षी नवीन काहीही सुरू न करता मंडळाचा अभ्यास, आठवड्यातून दोनदा टंकलेखन आणि महिन्यातून एकदा टॅलीतील एक पूर्ण उदाहरण एवढेच ठेवावे. मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर निकालापर्यंत जो काळ मिळतो, त्यात एखाद्या कर सल्लागाराच्या किंवा लेखापालाच्या कार्यालयात बिले लावण्याचे आणि नोंदी करण्याचे काम मागावे. तिथे जाताना स्वतः ठेवलेला तो एका महिन्याचा हिशेब आणि त्याची तेरीज छापून सोबत न्यावी, नावे व खाते क्रमांक झाकून.